सहाव्या भागातला क्लिफर्ड

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. बाहेर पाऊस आहे, पण धो-धो कोसळणारा नाही. सकाळपासून नुसता पिरपिरतोय, मेंढ्यांच्या पाठींवर आणि दगडी गडग्यांवर. आत बसक्या छताची खोली आहे. शेगडीत कोळसा लाल झालाय. सोफ्यावर तीन बायका एकाच मोठ्या रजईत पाय खुपसून बसल्या आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी. समोर टीव्ही लागलाय. आणि शेगडीच्या बाजूला, सगळ्यांत उबेच्या जागी, दहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिच्या हातात आल्याच्या केकचा तुकडा आहे, पण तो तासाभरात अर्धासुद्धा संपलेला नाही. तिचे पाय रजईखाली सारखे हलताहेत.

तिचं नाव ब्रायनी. ती लीड्स शहरात आईबरोबर राहायची आणि शाळेला सुट्टी लागली की केल्डबीला आईच्या मावशीकडे, आंटी एनिडकडे यायची. केल्डबी म्हणजे चाळीसेक घरं, एक चॅपल, एक जुनं चर्च आणि बाकी सगळी कुरणं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळं एक तास मागे करतो. हा फुकट मिळालेला तास आंटी एनिड वाया जाऊ देत नसे. त्या दिवशी चॅपलमधली प्रार्थना सकाळऐवजी संध्याकाळी, आणि दिवसभर घरात बसून 'लॅव्हरिक हॉल'.

ही दीडशे वर्षांपूर्वीची कादंबरी. क्लेमेन्सी नावाची गरीब, मानी मुलगी आणि राल्फ लॅव्हरिक नावाचा श्रीमंत, तिच्याहून मानी माणूस. दोघांचं लग्न होणार हे पहिल्याच प्रकरणात कळतं आणि ते होईपर्यंत चारशे पानं जातात. या कादंबरीवर आधी एक काळा-पांढरा सिनेमा निघाला आणि पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर सहा भागांची मालिका आली. आंटी एनिडकडे दोन्हीच्या, टीव्हीवरून घेतलेल्या, व्हिडिओ कॅसेट होत्या. सकाळी सिनेमा, मग मालिका, हा क्रम ठरलेला. कोणता राल्फ चांगला यावरून होणारं भांडणही ठरलेलं. शेजारच्या हिल्डा मेटकाफला सिनेमातला आवडायचा. मिस ओल्ड्रॉइड, ज्यांनी निम्म्या गावाला पाढे शिकवले होते, त्यांचं म्हणणं की त्या माणसाला भुवया सोडून दुसरं काही हलवता येत नाही. हिल्डा म्हणायची की तेवढं पुरे आहे, तिच्या नवऱ्याला भुवयाही हलवता यायच्या नाहीत.

मालिकेवर मात्र भांडण नव्हतं, कारण ती त्यांच्याच गावात झाली होती. आठ वर्षांपूर्वी, १९८३ च्या उन्हाळ्यात, टीव्हीची माणसं केल्डबीत येऊन राहिली, त्यांनी विजेच्या तारा झाकल्या, रस्त्यावर माती पसरली आणि गावकऱ्यांना जुने कपडे चढवून मागे उभं केलं. दुसऱ्या भागात हिल्डा टोपी सावरत रस्ता ओलांडते. आणि सहाव्या भागात, लग्नाच्या सकाळी, नवरीची गाडी चर्चच्या कमानीशी येते तेव्हा घोड्याचा लगाम धरून चालणारा माणूस म्हणजे क्लिफर्ड, आंटी एनिडचा नवरा.

मागे उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना बजावलं होतं की काही झालं तरी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. क्लिफर्डनं बघितलं. कॅमेऱ्याच्या मागे आंटी एनिड त्याच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तो चालता चालता मान वळवतो, थेट बघतो आणि ओठ मिटून हसू आत ढकलतो. जेमतेम तीन सेकंद. टीव्हीवाल्यांना ते उशिरा दिसलं म्हणा की आवडलं म्हणा, त्यांनी ते तसंच ठेवलं. पुढं तीन वर्षांनी क्लिफर्ड वारला. घरात त्याचा लग्नातला एक फोटो आहे, त्यात तो कडक कॉलरमध्ये अवघडून उभा आहे. चालणारा, वळणारा, तिच्याकडे बघणारा क्लिफर्ड फक्त त्या कॅसेटमध्ये होता. मालिका पुन्हा कधी लागली नाही, दुकानातही आली नाही.

आणि ते तीन सेकंद ब्रायनीनं पुसले होते.

हे झालं मे महिन्यात. ब्रायनीला घोड्यांचं वेड होतं. घोडे काठ्यांवरून उड्या मारतात त्या स्पर्धेची शेवटची फेरी रविवारी सकाळी होती, नेमकी चॅपलच्या वेळी. कोरी कॅसेट घरात नव्हती, गावातलं दुकान बंद. मालिकेची तिसरी कॅसेट मात्र शेवटी तासभर कोरी आहे, असं आंटीनंच कधीतरी सांगितलं होतं. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात मोडला की तिच्यावर दुसरं काही घेता येत नाही, आणि आंटीनं तिन्ही कॅसेटचे दात मोडून ठेवले होते. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की व्हिडिओचं यंत्र फसतं, हे ब्रायनीला शाळेत कळलं होतं.

तिनं कॅसेट काढली. ती निम्म्याच्या पुढे येऊन थांबलेली दिसली. आंटीच्या घरात कॅसेट नेहमी सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवायची असा कडक नियम होता, त्यामुळं तिला नवल वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. गोष्ट जिथं संपली तिथंच ही थांबली आहे असं तिनं धरलं, चिकटपट्टी लावली, बटण दाबलं आणि चॅपलला गेली. परतताना वाट वाचवायला मेंढ्या पाळणाऱ्या मिस्टर थ्वेट यांच्या कुरणातून धावत आली. मग आंटी स्वयंपाकघरात असताना तिनं कॅसेट मागे घेतली, आणि घेता घेता जरा जास्तच मागे गेली. चर्चच्या घंटा ऐकू आल्या. काळ्या घोड्याचं नाक दिसलं. त्याच्या बाजूला क्लिफर्डचा खांदा, मग गाल, मान वळायला लागली, आणि तिथंच चित्र थरथरून हिरवंगार मैदान आलं, पांढऱ्या काठ्या आल्या.

ब्रायनीनं चिकटपट्टी सोलून काढली, कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि जागेवर ठेवली. त्यानंतर पाच महिने तिनं कुणाला काही सांगितलं नाही. ऑक्टोबर लांब होता.

आता ऑक्टोबर आला होता.

सिनेमा संपला तेव्हा अकरा वाजले होते. ब्रायनीनं हिशेब केला. सहा भाग, मधे जेवण, मधे चहा. संध्याकाळी पाचच्या आत क्लिफर्ड यायचा होता. तिला वाटलं वीज जाईल. वाऱ्यानं केल्डबीत वीज बऱ्याचदा जायची, पण आज वारा नव्हता. तिला वाटलं यंत्र कॅसेट खाईल. मग वाटलं की खाऊ नये, कारण मग उरलेला खांदा आणि गालही जातील. पहिल्या भागात ती तीन वेळा उठली. एकदा कोळसा आणायला, एकदा पाणी प्यायला, एकदा काही कारण नसताना.

हिल्डानं विचारलं की पोरीच्या अंगात पिसवा शिरल्यात का. मिस ओल्ड्रॉइड म्हणाल्या की या वयात पाच तास बसवणं म्हणजे वासराला चॅपलमध्ये बसवणं, त्यांनी चाळीस वर्षं तेच केलंय. ब्रायनीच्या लक्षात आलं की आंटीही सारखी उठतेय. दर वर्षी ती एकदा बसली की रजईतून हलायची नाही, चहा इतरांनी करायचा. आज दुसऱ्या भागात हिल्डाची टोपी आली, सगळ्या हसल्या, तेव्हा आंटी स्वयंपाकघरात कपाट पुसत होती.

दुपारी जेवण झालं. तिसरा भाग झाला. चौथ्या भागात राल्फच्या मेलेल्या भावाची चिठ्ठी क्लेमेन्सीच्या हाती येते. ती राल्फला द्यायची असते. पण तीत असं काही असतं की ती वाचून राल्फ तिचं तोंड पाहणार नाही अशी तिला भीती वाटते, म्हणून ती चिठ्ठी शिवणाच्या पेटीत लपवते. पुढचा अख्खा भाग ती पेटी उघडते आणि मिटते. राल्फ विचारतो काय झालं, ती म्हणते काही नाही.

"सांगून टाक ना त्याला," ब्रायनी टीव्हीला म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"तेव्हाच सांगितलं असतं तर चौथ्या भागातच लग्न लागलं असतं," मिस ओल्ड्रॉइड म्हणाल्या. "मग आपण दुपारभर काय केलं असतं?"

हिल्डा हसली. आंटी एनिड हसली नाही. तिच्या मांडीवरच्या पिशवीतलं पाणी कधीच गार झालं होतं, तरी ती पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरून बसली होती.

पाचवा भाग संपला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. घड्याळं मागे केली की असंच होतं, चारलाच दिवा लावावा लागतो. आंटी उठली आणि म्हणाली की आज इथंच थांबूया, तिचं डोकं दुखतंय, शिवाय चॅपलला जायचंय, ओल्या रस्त्यानं वेळ लागेल. हिल्डा म्हणाली की चॅपल साडेसहाला आहे आणि दहा मिनिटांवर आहे. मग तिनं आंटीचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं आणि जरा हळू सांगितलं की गेली पाच वर्षं ती स्वतः या गोष्टीच्या शेवटासाठी येत नाही, क्लिफर्डला भेटायला येते, आणि तो पुढच्या अर्ध्या तासात येणार आहे.

आंटीनं रिमोट उचलला. तिचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. ब्रायनीनं तो अंगठा पाहिला.

ती रजईतून निघाली आणि टीव्हीच्या समोर जाऊन उभी राहिली. हिल्डा म्हणाली की पोरी, तुझा बाप काचेचा होता का, आरपार दिसत नाही. ब्रायनी हलली नाही.

"आंटी, क्लिफर्डकाका येणार नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांच्यावर घोडे घेतले. मे महिन्यात. चिकटपट्टी लावून."

मग तिनं सगळं सांगितलं. कोरा तास, मोडलेला दात, खांदा, गाल, मैदान. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती. गालिच्यावर एक जळका डाग होता, त्याच्याकडे बघत होती.

आंटी एनिडनं रिमोट सोफ्यावर ठेवला.

"म्हणजे ते मी केलं नव्हतं," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. मग आंटीनं जे सांगितलं ते हिल्डालाही ठाऊक नव्हतं. ती तिसरी कॅसेट आंटी कधीच पूर्ण गुंडाळत नसे. क्लिफर्ड मान वळवतो त्याच्या किंचित आधी थांबवून ठेवायची. मग एखाद्या संध्याकाळी, खूपच वाटलं तर, कॅसेट घालायची आणि एकच बटण दाबायचं. जूनमध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला, तिनं घातली. कॅसेट पार सुरुवातीला गेलेली. ती पुढे नेली, आणि त्याची मान वळता वळता घोडे उडायला लागले. तिनं विचार करकरून स्वतःशी ठरवलं की मागच्या खेपेला डोळ्यांत पाणी होतं, चष्मा नव्हता, आपणच काहीतरी भलतं बटण दाबलं असणार, दात मोडलेला असूनही यंत्रानं ते ऐकलं असणार. आपल्या हातानं त्याला पुसलं. हे ती हिल्डाला सांगू शकली नाही. आजचा दिवस मोडावा म्हणून आठवडाभर कारणं शोधत होती.

"चार महिने," आंटी ब्रायनीला म्हणाली. "चार महिने मी या यंत्राला हात लावताना घाबरत होते. माझ्या हातांचा मला राग यायचा. आता तुझा आलाय, आणि तो जरा वेळ राहणार आहे, हे तुला सांगून ठेवते."

"हो," ब्रायनी म्हणाली.

"पण हात माझे नव्हते." आंटीनं आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. "ते एक बरं झालं."

हिल्डानं किटलीवरची लोकरी टोपी काढली, चहा गार झालेला पाहिला आणि परत घातली. मिस ओल्ड्रॉइड मात्र शिक्षिकेच्या आवाजात विचारायला लागल्या की निम्मं गाव त्या मालिकेत होतं, तर निम्म्या गावानं ती टीव्हीवरून घेऊन ठेवली असणार, कुणाकडे सहावा भाग शिल्लक आहे? हिल्डाकडे होता, पण तिच्या मुलानं त्यावर क्रिकेटचा सामना घेतला, त्यालाही चार वर्षं झाली. मिस ओल्ड्रॉइड यांच्याकडे यंत्रच नव्हतं. पाद्रीबाबा बदलून गेले. एकेक घर घेत त्या रस्त्याच्या टोकापर्यंत पोचल्या आणि तिथंच अडल्या. टोकाला मिस्टर थ्वेट यांचं घर होतं.

"त्यांच्याकडे असणार," हिल्डा अखेर म्हणाली. "घोडा त्यांचा होता ना."

काळा घोडा, ड्यूक, मिस्टर थ्वेट यांचा. लगाम धरून चालणारही तेच होते, पण टीव्हीवाल्यांनी दाढी काढायला सांगितली, ती त्यांनी काढली नाही, म्हणून क्लिफर्डला उभं केलं. ड्यूक जाऊन तीन वर्षं झाली होती. तोही त्या सहाव्या भागाशिवाय दुसरीकडे कुठे चालताना दिसणार नव्हता. थ्वेट यांच्या कॅसेटला दोन दात असते तर त्यांनी दोन्ही मोडून ठेवले असते.

पण त्यांच्याकडे जाणार कोण? मे महिन्यात कुणीतरी त्यांच्या कुरणाचं फाटक उघडं टाकलं होतं. त्यांच्या मेंढ्या हमरस्त्यावर गेल्या आणि एक गाडीखाली आली. या डोंगरात फाटक उघडं टाकण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. थ्वेट दारात येऊन म्हणाले होते की तुमच्या शहरातल्या पोरीचं काम आहे. आंटी एनिडनं त्यांना सुनावलं होतं की आमची पोर असं करणार नाही, आणि केलं तर सांगेल. तेव्हापासून दोघं चॅपलमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसत होते.

ब्रायनी तेव्हा जिन्यावर उभी राहून ऐकत होती. त्या रविवारी कुरणातून धावत ती घोडे बघायला आली होती, आणि मागचं फाटक लावल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, असं ती पाच महिने स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे चांगलं आठवत होतं. कडी हातात आली होती, आणि तिनं ती सोडून दिली होती.

आंटी म्हणत होती की ती स्वतः चॅपलनंतर जाईल, मान खाली घालायला लागली तर लागली. हिल्डा म्हणत होती की मी जाते, माझं त्याच्याशी वाकडं नाही. दोघींचं चाललेलं असताना ब्रायनी दाराशी गेली. तिनं गमबूट चढवले, डावा उजव्या पायात गेला म्हणून काढून पुन्हा चढवले, खुंटीवरचा आंटीचा लांब रेनकोट घातला. आंटीनं विचारलं कुठे निघालीस.

"मीच जाते," ब्रायनी म्हणाली. "त्यांना दुसरंही काहीतरी सांगायचंय."

आंटी एनिडनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून रेनकोटचं वरचं बटण लावून दिलं.

रस्त्याच्या टोकापर्यंत दिवे नव्हते. ब्रायनी गडग्याला हात लावत चालली. दगड ओले होते, मेंढ्या खोकत होत्या. थ्वेट यांच्या अंगणाचं फाटक जड होतं, त्याची कडी गंजलेली. ती आत गेली, वळली, फाटक ओढून घेतलं, कडी अडकवली आणि दोन्ही हातांनी दोनदा ओढून पाहिली. मग एकदा आणखी.

दार वाजवल्यावर आतून कुत्रा भुंकला. मिस्टर थ्वेट दाढीवर पाव-लोण्याचा कण घेऊन दारात आले आणि एवढ्या मोठ्या कोटात कोण आहे ते वाकून बघू लागले. त्यांच्या मागं, टीव्हीशेजारी, कॅसेटची एक रांग दिसत होती. ब्रायनीनं त्या रांगेकडे पाहिलं, मग नजर तिथून काढली आणि त्यांच्या डोळ्यांकडे वर पाहिलं.

"मिस्टर थ्वेट," ती म्हणाली, "मी काहीतरी मागायला आलेय. पण आधी फाटकाचं सांगते."